शिवणीतली माया

शर्टाच्या खालच्या काठात कात्रीचे बोथट टोक सरकवून धाकट्याने कापायला सुरुवात केली, आणि तिथेच तो चुकला. हात थरथरला नाही, टोक कातडीला लागले नाही. चूक म्हणायची तर ती इतकीच, की काप फार सुंदर चालला होता. बगलेखालच्या शिवणीला धरून, कापडाला कुठेही इजा न करता, नुसता दोरा उसवीत कात्री वर चढत होती. कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्सच्या यंत्राशेजारी, फरशीवर उताण्या पडलेल्या कारकुनाचे हृदय त्या वेळी बंद होते.

"मधून," रुग्णवाहिकेवरच्या त्याच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या. त्यांचे दोन्ही तळवे कारकुनाच्या छातीवर होते आणि त्या मनात आकडे मोजत दाब देत होत्या. "शिवण नको. मधून काप."

त्याने ऐकले, त्याला समजलेही. तरी कात्री आणखी दोन बोटे शिवणीवरूनच गेली. बाईंनी दाब न थांबवता चालकाला मानेने खूण केली. चालकाने धाकट्याच्या हातून कात्री काढून घेतली आणि शर्ट खालपासून गळ्यापर्यंत उभा चिरला. हृदयाला झटका देणाऱ्या यंत्राच्या पट्ट्या छातीला चिकटल्या, यंत्राने सगळ्यांना दूर व्हायला सांगितले, झटका बसला, पुन्हा दाब, पुन्हा झटका. आणि मग कारकुनाने विहिरीतून यावा तसा एक घोगरा श्वास घेतला. जिन्यात गोळा झालेल्या त्याच्या सहकाऱ्यांपैकी कोणीतरी टाळी वाजवली आणि लगेच ओशाळून हात खिशात घातले.

कारकुनाला रुग्णालयाच्या ताब्यात देऊन झाल्यावर, स्ट्रेचर पुसताना, बाईंनी तो विषय काढला. त्या कधी आवाज चढवीत नसत. त्यांची सवय निराळी होती. समोरच्याची बाजूही त्या स्वतःच मांडत आणि मग ती स्वतःच खोडून काढत. चार सेकंद, त्या म्हणाल्या. चार सेकंद म्हणजे काही फार नाहीत असे तू म्हणशील. म्हणशील की माणूस वाचला. तर माणूस वाचला तो चालकामुळे, आणि चार सेकंद फार नाहीत हे ज्यांना मोजावे लागत नाहीत त्यांनी म्हणावे. धाकटा यातले काहीच म्हणाला नव्हता.

"कापड वाचवायचं नसतं, मास्तर," त्या शेवटी म्हणाल्या. "इथं कापड मेलेलंच असतं."

मास्तर हे त्याचे खात्यातले नाव. शाळेत शिकवल्यामुळे पडलेले नव्हे. वयाच्या सदतिसाव्या वर्षापर्यंत तो शिंपी होता, आणि गळ्यात टेप घातलेल्या माणसाला मास्तर म्हणण्याची जी रीत आहे, ती त्याच्या मागोमाग रुग्णवाहिकेपर्यंत चालत आली. घरी मात्र तो धाकटाच. थोरला भाऊ त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर दुकान थोरल्याने सांभाळले, त्याला वाढवले, हातात कात्री दिली तीही थोरल्यानेच. आणि मग एकाच भिंतीला दोन मशिने लावून दोघे अठरा वर्षे शिवत राहिले. या सगळ्याला एका दुपारी खीळ बसली. मापाला आलेल्या एका गिऱ्हाइकाच्या छातीभोवती धाकट्याने टेप गुंडाळला आणि नेहमीप्रमाणे "श्वास सोडा" असे सांगितले. त्या माणसाने श्वास सोडला तो पुन्हा घेतलाच नाही. टेपखालची छाती अडतीसवर थांबली. रुग्णवाहिकेची माणसे येऊन कामाला लागली तेव्हाही धाकटा तोंडात टाचण्या धरून भिंतीशी उभा होता.

त्यानंतर वर्षभरात त्याने प्रशिक्षणासाठी अर्ज केला. थोरल्याने भांडण केले नाही. भांडण केले असते तर बरे झाले असते, असे धाकट्याला पुढे अनेकदा वाटले. तो फक्त म्हणाला, "मी शिवतो. तू आता फाडत फिर." आणि पुढची दोन वर्षे त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. जे काही निरोप यायचे ते वहिनींकडून, आणि त्यांत निम्मे वहिनींनी स्वतः रचलेले असत हे धाकट्याला ठाऊक होते. कारण थोरला 'जपून राहा म्हणावं' असे आपण होऊन सांगणारा माणूस नव्हता.

कारकुनाचा चिरलेला शर्ट गाडीतच राहिला होता. रुग्णालयाच्या दारात भेटलेल्या त्याच्या बायकोने तो नको म्हणून हातानेच बाजूला सारला होता. टाकण्याच्या पिशवीत भरण्यासाठी धाकट्याने तो उचलला, आणि जुन्या सवयीने उलटा केला. कॉलरच्या आत दुकानाची पट्टी होती. यात नवल काहीच नव्हते. त्या भागातली निम्मी माणसे थोरल्याकडे शिवायला टाकत. आपण ज्यांना उघडे करतो त्यांच्या अंगावर भावाचेच काम असते, हा विचार पहिल्या महिन्यात त्याला बोचला होता, मग त्याची सवय झाली होती. आता त्याची बोटे थांबली ती निराळ्याच कारणाने.

शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. हा शब्द कोणी योजला आणि योजताना त्याच्या मनात काय होते, हे आता सांगता यायचे नाही. पण ज्याने योजला तो नुसता शिंपी नसावा. माणूस पुढेमागे अंगाने भरला तर कपडा उसवून सैल करता यावा, म्हणून ही आतली जागा. थोरल्याची माया पाऊण बोट. वीस वर्षांत ती कधी दोऱ्याइतकी कमी झाली नाही की दोऱ्याइतकी जास्त. मशिनवर कापडाचा पसारा सुईच्या डावीकडे राहतो आणि कड उजवीकडे. आणि नवख्यांना वाटते तशी शिवणाऱ्याची नजर सुईवर नसते, ती त्या उजव्या कडेवर असते. कड सुईपासून सारख्या अंतरावर चालली की शिवण सरळ येते. सगळी विद्या त्या उजव्या कडेत.

या शर्टात माया वर पाऊण बोट होती, खाली येता येता अर्धी झाली होती, मग दोऱ्याएवढी. आणि कमरेच्या जरा वर शिवण कापडावरून चक्क बाहेर पडली होती. तिथे कापडाचे दोन्ही पदर सुटे होते, आणि ती फट कोणीतरी नंतर हाताने मिटवली होती. बारीक तिरके टाके, शेवटी दोरा मागे घेऊन दिलेली दुहेरी गाठ. ती गाठ धाकट्याला हजारांत ओळखू आली असती. थोरल्याची होती.

म्हणजे थोरल्याने चुकीचे शिवले, आणि थोरल्याने ते झाकले.

तो तिथेच गाडीच्या पायरीवर बसला. गेल्या सात महिन्यांत दुकानाची पट्टी असलेले तीन शर्ट त्याने कापले होते. पहिला एका शिक्षकाचा, साखर उतरून पडलेल्या. त्याची शिवण रेघेसारखी होती, हे त्याला स्पष्ट आठवत होते, कारण तेव्हा त्याने ती अभिमानाने पाहिली होती. दुसरा दोन महिन्यांपूर्वीचा, जिन्यावरून घसरलेल्या एका म्हाताऱ्याचा. त्यात माया एका जागी खाल्ली गेली होती, आणि धाकट्याने मनाशी म्हटले होते की दादाचे वय झाले. आता हा तिसरा. वयाने हात सगळीकडे सारखा सैल होतो. हा हात सैल नव्हता. टाका उलट नेहमीपेक्षा किंचित बारीक होता, आणि त्याचेही कारण त्याला लगेच सापडले: चाचपडू लागलेला माणूस टाका बारीक करतो. कारण पटण्याजोगे होते, म्हणून त्याने ते पुन्हा तपासले नाही. चूक फक्त एकाच बाजूला होती. उजवी कड शिवणाऱ्याला दिसत नव्हती.

त्याने शिवणीचा तेवढा तुकडा कापून खिशात टाकला आणि उरलेला शर्ट पिशवीत भरला.

परतीच्या वाटेवर बाई पुढच्या सीटवर अहवाल लिहीत होत्या. धाकट्याने मागून विचारले, की एखाद्याला उजव्या बाजूचे दिसेनासे झाले आणि त्याचे त्याला कळलेच नाही, असे होते का. बाईंनी लिहिणे थांबवले.

"कोण आहे?"

"भाऊ."

"न बोलणारा?"

"तोच."

चालकाने आरशात एकदा पाहिले आणि रेडिओचा आवाज कमी केला. मग बाईंनी जे सांगितले ते त्याने प्रशिक्षणात वाचले होते. पण वाचलेले आणि सांगितलेले यांत फरक असतो. मेंदूच्या डाव्या अंगाला काही झाले, एखादी नस तुंबली किंवा आत काही वाढू लागले, तर दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू जाते. डोळे ठणठणीत असतात. आणि तिथे अंधार दिसतो असे लोकांना वाटते, तसे नसते. अंधार दिसला असता तर माणूस घाबरून डॉक्टरकडे तरी गेला असता. तिथे काहीच नसते. आपल्या पाठीमागे काय दिसते, असे कोणी विचारले तर आपण अंधार म्हणत नाही, तसेच. मग ही माणसे दारांवर आपटतात आणि दाराला दोष देतात. समोर ठेवलेली वस्तू सापडली नाही, तर कोणीतरी उचलली म्हणतात. घरातल्यांवर चिडतात.

"चष्म्याचा नंबरही असेल, असं तू म्हणशील," बाई म्हणाल्या.

"नाही म्हणत."

"मग आज जा. आणि आजच स्कॅन. महिने आहेत की तास, ते मला शर्टावरून नाही सांगता येत."

'वस्तू सापडत नाहीत' हे शब्द त्याला पुढच्या चौकापर्यंत छळत राहिले, आणि चौकात सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते कोणाचे होते ते आठवले. महिन्यापूर्वी वहिनींचा फोन आला होता. नेहमीचे विचारून झाल्यावर त्या हसत म्हणाल्या होत्या, की हल्ली दुकानात काही म्हणून जागेवर सापडत नाही. कात्री इथे ठेवावी तर तिथे निघते. तुमचे भाऊ म्हातारपणी लपाछपी खेळतात की काय कोण जाणे. आणि काही बोलावे तर गप्प. नुसते बघत बसतात. धाकटाही हसला होता. म्हणाला होता, तो मला दोन वर्षे लपवून बसलाय, कात्रीचे काय घेऊन बसलात.

चार वाजता पाळी संपली. त्याने गणवेशही बदलला नाही.

दुकान होते तसेच होते: दोन पायऱ्या, सरकते दार, आत कापड बेतण्याचे लांब टेबल, आणि त्यामागे पडदा. पडद्यापलीकडे दोन मशिने आणि चहापुरता स्टोव्ह. दारातल्या उजेडात स्टूल टाकून वहिनी बटणे लावीत बसल्या होत्या. तो पायऱ्या चढून त्यांच्या उजव्या अंगाने आत आला आणि हातभर अंतरावर उभा राहिला. त्यांनी मान वर केली नाही. सुई वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. सहा महिने तोंड दाखवले नाही त्याचा हा राग असावा. आणि तो रास्त होता. रागावायचा हक्क या घरात कोणाला असेल तर तो त्यांना होता. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हा तेरा वर्षांचा होता आणि शाळेचा डबा विसरत असे.

"अहो," त्या पडद्याच्या दिशेने म्हणाल्या, "कोणी आलं का? पायरी वाजल्यासारखी वाटली."

"वहिनी, पुरे आता," तो म्हणाला.

त्या दचकल्या आणि स्टुलासकट वळल्या. सुई बोटात गेली.

"अगंबाई! भाऊजी, चोरासारखे काय येता? खाकरायचं तरी." बोट तोंडात घालून त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. "वाळलात. खायला घालतात की नाही तिथं, की नुसतं पळवतात?"

त्यांच्या उजव्या कोपरावर एक पिवळा पडलेला जुना डाग होता, आणि त्याच्यावर एक नवा, निळसर. अशा डागांवर त्याचे डोळे आता आपोआप थांबत. त्याने विचारले. दुकान आहे तेवढंच आहे, वहिनी म्हणाल्या, मीच रुंद झाले. टेबलाची कड रोज मला सांगते. आणि त्याने पुढे काही विचारण्याआधीच त्या उठून चहा टाकायला पडद्याआड गेल्या. जाताना त्यांनी पडद्याला हात लावून तो चाचपला आणि मग बाजूला केला. धाकट्याचे तिकडे लक्ष नव्हते. पडद्यातून थोरला बाहेर येत होता.

थोरल्याच्या हातात कापडाची गुंडाळी होती. ती त्याने टेबलावर टाकली, हाताने सपाट केली, कानामागचा खडू काढला आणि रेघ ओढू लागला. रेघ अर्धी झाल्यावर तो कापडालाच उद्देशून बोलला.

"हा गणवेश कोणी शिवला?"

दोन वर्षांनंतरचे हे पहिले वाक्य होते.

"तयार मिळतो. खात्याचा."

"खांदा उतरलाय. बाहीत माया नाही. हात वर केलास की फाटेल."

"फाटतो," धाकटा म्हणाला.

थोरल्याने रेघ पुरी केली. धाकट्याने टेबलावरची मोठी कात्री उचलली आणि बोलता बोलता ठेवावी तशी, थोरल्याच्या उजव्या हाताला, अगदी कडेला, अर्धी बाहेर लोंबत ठेवली. आता हा ती पाडणार. पाडली की बोलायला तोंड फुटेल. थोरल्याने कापडावरची नजर न हलवता उजवा हात लांबवला आणि कात्री आत सरकवली.

"पडेल," तो म्हणाला. "पायावर पडली तर तुलाच उचलून न्यावं लागेल."

धाकट्याला हायसे वाटायला हवे होते, ते वाटले नाही. त्याने सरळच सांगितले, की मला तुझे डोळे तपासायचे आहेत, दोन मिनिटांचे काम आहे, नंतर हवे तर मला दारातून बाहेर काढ. थोरल्याने त्याच्याकडे पाहिले. नाही म्हणण्याची सगळी तयारी त्याच्या चेहऱ्यावर झाली होती. पण धाकट्याचा आवाज गिऱ्हाइकाशी बोलण्याचा राहिला नव्हता, आणि हे थोरल्याला प्रथमच कळत होते. त्याने खडू खाली ठेवला. धाकटा समोर उभा राहिला, नाकाकडे बघ म्हणाला, आणि दोन्ही हात दोन्ही बाजूंना पसरून एकेक बोट हलवू लागला.

"डावं," थोरला म्हणाला. "उजवं. परत उजवं. दोन्ही. आता काहीच नाही, नुसता उभा आहेस. याचं शिक्षण दोन वर्षं घेतलंस?"

सगळे बरोबर होते. एकही चुकले नव्हते. धाकट्याने हात खाली घेतले. मग खिशातून तो शिवणीचा तुकडा काढला आणि टेबलावर उलगडला.

थोरला त्या तुकड्यावर वाकला. बोटाने तो शिवणीवरून गेला: पाऊण, अर्धी, दोरा, आणि मग ती फट. हाताच्या टाक्यांपाशी बोट थांबले. त्याने पडद्याकडे पाहिले. आत भांड्यावर चमचा वाजत होता.

"गाठ माझी आहे," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. "शिवण माझी नाही."



मग थोरल्याने जे सांगितले ते त्याने तुकड्यातुकड्यांनी, पडद्यावरची नजर न काढता सांगितले. एका माणसाने बेतायचे आणि त्यानेच शिवायचे, हे महिनाभरही जमले नव्हते. गिऱ्हाईक परत जाऊ लागले तेव्हा वहिनी एके दिवशी धाकट्याच्या मशिनवर येऊन बसली. काजे आणि हातशिलाई ती आधीपासून करीतच होती. बाकीचे उसवून उसवून शिकली. सहा महिन्यांत तिची शिवण आणि त्याची शिवण शेजारी ठेवली तर त्याला स्वतःला सांगता येईना. टाका तेवढा जरा बारीक. गिऱ्हाइकांना सांगायचे नाही असे तिचेच म्हणणे. ते मास्तरचे काम म्हणून येतात. तेव्हापासून थोरल्याने मशिनला हात लावला नव्हता. तो बेतायचा, ती शिवायची. आणि गेल्या तीन-चार महिन्यांत हे सुरू झाले. ती घरी गेली की तो एकेक कपडा उलटा करून बघायचा आणि जिथे सुटले असेल तिथे हाताने मिटवायचा, तिला कळू न देता.

"चष्मा बदलून दिला. दोनदा. चष्मेवाला म्हणतो, नंबर तोच आहे." त्याने तुकडा मुठीत घेतला. "मला वाटलं, थकली. दोन माणसांचं काम—"

ते वाक्य त्याने सोडून दिले.

"मला का नाही कळवलंस?" धाकट्याने विचारले. "निदान ती मशिनवर बसते एवढं तरी."

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, भाऊजींना कळलं तर ते परत येतील."

रस्त्यावरून एक गाडी कर्कश हॉर्न वाजवीत गेली. दोघांनीही तिकडे पाहिले नाही. धाकट्याच्या डोळ्यांपुढे आता सगळे एका ओळीत येऊन बसत होते, आणि प्रत्येक गोष्ट तो गेल्या अर्ध्या तासात स्वतःच्या डोळ्यांनी पाहून चुकला होता. कापड त्याने वाचले होते. माणूस तेवढा वाचायचा राहिला होता.

पडदा हलला. वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या, आणि ट्रेचा उजवा कोपरा टेबलावर आपटला. एक कप कलंडला; चहा कापडावरून पसरत खडूच्या रेघेपर्यंत गेला.

"बघा," त्या म्हणाल्या, "पुन्हा टेबल सरकवलं यांनी. रोज सरकवतात आणि रोज नाही म्हणतात. भाऊजी, तुम्हीच सांगा आता."

टेबल जमिनीला स्क्रूने आवळलेले होते. धाकट्यानेच ते आवळले होते.

थोरला कापड उचलायला पुढे झाला नाही. त्याने ट्रे तिच्या हातातून घेतला आणि तो कुठे ठेवावा हे न सुचून तसाच धरून उभा राहिला. धाकट्याने स्टूल ओढले.

"वहिनी, इथं बसा जरा. उजेडाकडे तोंड करून."

"का? आता माझं माप घेताय की काय? त्या फंदात पडू नका, टेप पुरायचा नाही."

"दादाचे डोळे तपासले आत्ता. तुमचेही बघतो. चालेल?"

"त्यांचे बघून घ्या बाई नीट," वहिनी बसत म्हणाल्या. "माझे दोनदा बघून झाले. चष्मेवाल्याचं पोरगं आता मला मावशी म्हणायला लागलंय." त्यांनी हात मांडीवर ठेवले, पाठ ताठ केली आणि फोटोला बसावे तशा हसल्या. कामाची माणसे अशी एकदम गुमान बसली की फार लहान दिसतात.

धाकट्याने स्वतःचे स्टूल त्यांच्या समोर आणले. गुडघ्याला गुडघा लागला. माझ्या नाकाकडे बघायचे, तो म्हणाला, दुसरीकडे कुठे नाही. आणि बोट हललेले दिसले की सांगायचे. त्याने दोन्ही हात पसरले. पहिल्याने त्यांच्या डाव्या हाताकडचे बोट हलवले.

"हं, हललं."

पुन्हा तेच हलवले.

"हललं."

मग त्याने त्यांच्या उजव्या हाताकडचे बोट हलवले.

वहिनी त्याच्या नाकाकडे बघत राहिल्या. सांगितले तसे, मन लावून, पापणीही न हलवता. त्याने बोट जरा आत आणले, जोरात हलवले. आणखी आत आणले. त्यांच्या पाठीमागे थोरला ट्रे धरून उभा होता आणि त्याला ते बोट दिसत होते. ट्रेमधले कप एकमेकांवर बारीक वाजू लागले.

"हलवा की आता," वहिनी म्हणाल्या. "दोन बाह्या लावायच्यात अजून मला."

धाकटा बोट हलवीत होता.